वाऱ्याआडचा उतार

शारजात थंडी येते ती चोरपावलांनी. एका सकाळी जाग येते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की एसीची घरघर बंद आहे. बाल्कनीचं दार कितीतरी महिन्यांनी उघडतं, त्याच्या खाचेत बसलेली वाळू करकरते, आणि आत आलेली हवा चक्क हवीशी वाटते. खाली पार्किंगमध्ये लोक स्वेटर घालून हिंडायला लागतात. अठरा डिग्रीत स्वेटर! देशावरची माणसं हसतील. पण आमचे हौसेचे दिवस मोजके, म्हणून तेवढ्यातच मफलरही गुंडाळून घ्यायचा. बागांमधून शेगड्या पेटतात, कबाब आणि कणसं भाजल्याचा वास वर जिन्यापर्यंत येतो. धुक्यानं शाळेच्या बस उशिरा येतात आणि पोरं खूश होतात. सगळं शहर उन्हाळाभर कोंडून घेतल्यानंतर दारं उघडून बाहेर पडतं.

मला मात्र ही थंडी नको असते. इथे थंडी आली म्हणजे तिकडे बर्फ पडायला लागला.

तिकडे म्हणजे जॉर्जियात, कॉकेशसच्या डोंगरांत. इथल्या पोरांना ते परसदारासारखं झालंय. विमानात एक सिनेमा बघून संपतो न संपतो तोच खाली पांढरे डोंगर दिसायला लागतात म्हणे. मी अजून गेलेले नाही. मी त्या डोंगरांना इथूनच ओळखते, आणि ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणणाऱ्याची मुलगी त्या डोंगरावर गेलेली नसणार एवढं मला पक्कं कळलेलं आहे.

माझी मुलगी मुक्ता इथेच जन्मली, इथेच वाढली. मी इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर डोंगर काढायचा, त्याच्या टोकाला पांढरा खडू आडवा घासायचा आणि बाण काढून ‘स्नोलाइन’ लिहायचं, हे मी इतकी वर्षं करते आहे. पण बर्फ बघितला तो मॉलमध्ये, काचेच्या पलीकडे. मुक्ताला तिथेच पहिल्यांदा नेलं. बाहेर अंगाची लाही, आणि आत पोरं भाड्याचे जाडजूड कोट घालून घसरतायत. त्या उतारावर ती स्की शिकली. मशीनमधून फवारलेला, रोज इस्त्री केल्यासारखा सपाट केलेला बर्फ. त्याला ना ऊन लागतं, ना वारा. आपली लेक बर्फावर पाय रोवून उभी राहते याचं मला तेव्हा कोण कौतुक वाटायचं.

पुढे तिला दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी लागली. रोज शारजा ते दुबई ट्रॅफिकमध्ये तपश्चर्या, आणि सुट्टी जोडून मिळाली की जॉर्जिया. सोबत फरहान. फरहान तिचा शाळेपासूनचा मित्र. घर अजमानला, मूळ गाव रत्नागिरीकडे, खाडीकाठी. त्याची आई शमीमभाभी आणि मी पालकसभेत आपापल्या कार्ट्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता मैत्रिणी झालो. सुरुवातीला ही दोघं लिफ्टनं वर जाऊन आखलेल्या वाटेनं खाली यायची. तेवढं सोसण्यासारखं होतं. मग त्या वाटा त्यांना पुचाट वाटायला लागल्या. घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, आणि कोणाची रेघ उमटलेली नाही अशा बर्फातून खाली यायचं, असं सुरू झालं.

“तिथे रस्ता नसतो?” मी विचारलं.

“नो आई. दॅट्स द पॉइंट.”

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिनं फरहानबरोबर हिमस्खलनाचा कोर्स केला आणि परत आली ती थेट स्वयंपाकघरात, मला शिकवायला. मी खोबऱ्याची वडी थापून गार करत ठेवली होती. “थांब, कापू नकोस,” म्हणाली. एका ताटात तिनं कोरडा रवा पसरला, थापलेली वडी उलथन्यानं अख्खी सोडवली आणि त्या रव्यावर अलगद ठेवली.

“हा रवा म्हणजे जुना स्नो. थंडीनं दाणेदार झालेला, एकमेकांना न चिकटलेला. आणि वर हा नवा स्लॅब. लुक्स सॉलिड, राइट?”

तिनं ताट तिरपं केलं. वडी हलली नाही. आणखी तिरपं केलं, तरी नाही. “सी? नथिंग. एव्हरीबडी इज हॅपी.” मग तिनं वडीच्या मध्यावर एक बोट जरासं दाबलं. अख्खी लादी एकदम निघाली आणि ओट्यावर आपटून तिचे तुकडे झाले.

“बोट कोण?” मी विचारलं.

“मी,” ती म्हणाली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

माधव, म्हणजे माझे यजमान, संध्याकाळी येऊन विचारते झाले की वडीचा भुगा कोणी केला. रवा लागलेल्या त्या वड्या आम्ही पुष्कळ दिवस खाल्ल्या. दाताखाली कचकच झाली की माझा घास तोंडातच राहायचा.

तिथले वाटाडे मिळून रोज सकाळी बर्फाचा अंदाज लिहितात. मुक्तानं तो माझ्या फोनवर लावून दिला, बिचारीला वाटलं आईची काळजी कमी होईल. धोक्याचे आकडे एक ते पाच. मला वाटायचं पाच वाईट. ती म्हणाली, पाचला कोणी घराबाहेरच पडत नाही. माणसं मरतात ती जास्त करून तीनला. तीन म्हणजे ऊन पडलेलं असतं, बर्फ सुंदर दिसत असतो, आणि जाणारे म्हणतात, संभाळून जाऊ. मी चहाबरोबर तो अंदाज वाचायला लागले. कोणत्या दिशेच्या उतारावर काय साचलंय, खाली कुठला थर कच्चा आहे, वारा कुठून सुटलाय. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि माझ्या डोळ्यांपुढे कॉकेशसचा उत्तरेकडचा उतार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला वाळवंटात राहून असं कळलं.

एक नियम मात्र मला शेवटपर्यंत सोसला नाही. वर जाताना छातीशी एक यंत्र बांधतात, त्यातून सिग्नल जात राहतो. कोणी बर्फाखाली गेलं तर बाकीच्यांनी त्या सिग्नलवरून त्याला शोधायचं. फोनमुळे त्यात गडबड होते, म्हणून फोन बंद. म्हणजे मला सगळ्यात जास्त भीती वाटते नेमक्या त्याच वेळी फोन बंद. “आई, सायलेन्स मीन्स वी आर डुइंग इट राइट,” असं तिनं मला समजावलं होतं. मी ते पाठ केलं. पण मी शिक्षिका आहे. पाठ केलेलं परीक्षेत कसं आठवत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्याच हिवाळ्यात आम्ही सगळे एकदा वाळवंटात गेलो होतो. दोन्ही घरं, दोन गाड्या, मागे बिर्याणीचं पातेलं दुपट्ट्यात बांधलेलं. डांबरी रस्ता संपला तिथे फरहाननं टायरमधली हवा कमी केली. त्याला वाळूत गाडी घालायला त्याच्या अब्बांनी मिसरूड फुटायच्या आधी शिकवलेलं. टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, तिच्यावरून जोरात चढायचं. माथ्यावर क्षणभर नुसतं आभाळ दिसतं. आणि मग पलीकडे, वाऱ्याआडच्या बाजूला, मऊ वाळूचा सरळ उतार. तिथे गाडी आडवी घेतली की उलटते. नाक खाली करून सरळ सोडून द्यायची, बाकीचं वाळू बघते. “यल्ला, चला काकी, धरून बसा,” फरहान ओरडला, आणि आम्ही वाळूच्या धारेबरोबर खाली आलो. शमीमभाभींनी डोळे मिटून कलमा सुरू केला होता, खाली आल्यावर त्याच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मुक्ता तर मग पायीच वर गेली आणि लहानपणी घसरायची तशी बसून घसरत आली. तिच्या अवतीभवती वाळू वाहत होती आणि घुमल्यासारखा आवाज करत होती. मला जराही भीती वाटली नाही. इतक्या वर्षांत त्या उतारानं कोणाला काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग तो शुक्रवार. शारजात शाळांना शुक्रवारी सुट्टी असते, मी घरी होते, माधव कामावर. पोरं आदल्या संध्याकाळी पोचली होती. सकाळच्या अंदाजात तीन होते. रात्रभर वारा जोराचा होता, डोंगराच्या धारेच्या पलीकडे आडोशाला नवा बर्फ साचला आहे, तिकडे जपा, असं लिहिलेलं. मी मुक्ताला मेसेज केला, ‘वारा बघितलास ना?’ त्यावर एकच टिक आली. फोन बंद.

मी कुकर लावला. भाजी निवडली. जुम्म्याची अजान झाली, रस्ता रिकामा झाला, नमाज संपली, रस्ता पुन्हा भरला. तिथलं नि इथलं घड्याळ एकच; आता खाली यायला हवीत, आता चहा प्यायला हवीत, असा हिशेब मला इथे बसून करता येत होता आणि तेच वाईट होतं. टिक एकच. मला काळजी वाटत नव्हती, भीती वाटत होती. या दोन्हीत फरक आहे. काळजीला काहीतरी काम देता येतं. डबा भर, औषध आण, फोन कर. भीतीला काम नसतं. ती नुसती शेजारी येऊन बसते. मी कुकर उघडला नाही, जेवले नाही, आणि खुर्चीतून उठले तर काहीतरी होईल असं वाटून उठलेही नाही. भूगोलाची बाई, सायन्स शिकलेली, आणि खुर्चीला चिकटून बसलेली.

फोन वाजला तेव्हा उन्हं बाल्कनीतून आत आली होती.

“आई, मी ठीक आहे,” हे पहिलं. ही मुलगी मराठी बोलते म्हणजे ठीक नाही, हे मला तिथेच कळलं. “फरहान इज अलाइव्ह. आई, ही इज अलाइव्ह, ते त्याला हॉस्पिटलला नेतायत. पाय मोडलाय. तो खाली गेला होता. मी काढलं त्याला. तू भाभींना सांगशील? आय कान्ट. मला नाही सांगता येणार.”

फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. मी टॅक्सी केली. शारजा ते अजमान अंतर ते काय, पण त्या ट्रॅफिकमध्ये गाडी हलेना. पाकिस्तानी ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, “बाजी, खैरियत?” पूर्ण वाटेत मी एकच गोष्ट ठरवत होते, पहिला शब्द कुठला उच्चारायचा. दार शमीमभाभींनी उघडलं, हात पिठाचे. मी सलाम केला नाही, आत गेले नाही. आधी “जिवंत आहे” म्हटलं आणि मग कोण ते सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. “कोण, माझा का तुमची?” त्यांनी विचारलं होतं मधल्या क्षणात. तो प्रश्न मी अजून विसरू शकलेले नाही, कारण त्याच्या उत्तरानं माझ्या जिवाला हायसं वाटलं होतं आणि समोर त्या उभ्या होत्या.

फरहान घरी आला, कुबड्या घेऊन आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा त्यानं सांगितलं. धारेवर पोचले तर वाऱ्याकडची बाजू घासून कडक झालेली, दगड वर आलेले. पलीकडची बाजू मऊ, गुळगुळीत, भरलेली.

“काकी, बिलकुल आपल्या डेझर्टसारखं. सेम टू सेम. आपण वाळूत कुठून उतरतो? मऊ साइडनं, सरळ, नाक खाली. मी विचारच नाय केला. पाय आपोआप तिकडेच गेले.”

“कोर्सात शिकवलं होतं ना?” माधवनं विचारलं.

“शिकवलं होतं अंकल. टेस्टमध्ये बरोबर लिहिलं पण होतं.”

मुक्ता ताटात बघत होती. तिनं त्याला थांबवलं नव्हतं. तीही त्याच वाळूत वाढलेली. तिच्याही डोळ्यांना तो उतार घरचा वाटला होता. वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत, म्हणून वाळू थोडी थोडी सुटते आणि माणसाला कडेवर घेतल्यासारखी खाली आणते. वाऱ्यानं दाबून बसवलेला बर्फ एकमेकाला धरून असतो, आणि सुटतो तेव्हा अख्खा सुटतो. दोन्हीकडे वारा तोच, आणि दोन्हीकडे आडोशाची बाजू दिसायला सारखीच. मॉलमधल्या बर्फानं त्यांना काहीच शिकवलं नव्हतं. जे शिकवलं ते वाळूनं.

बर्फाखालच्या त्या वेळाबद्दल फरहानला काही आठवत नाही. मुक्ताला सगळं आठवतं आणि ती सांगत नाही. यंत्राची टिकटिक, लांब काठी खुपसून शोधणं, फावडं. एवढेच शब्द मला मिळाले. तिच्या तळहातांना फोड आले होते, त्यांना मी कैलासजीवन लावलं. त्या वेळी ती लहान मुलीसारखी हात पुढे करून बसली होती.

त्यानंतर मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मुक्ता जॉर्जियाला गेली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या हिवाळ्यात नाही. शनिवार-रविवार घरात. मी देवापुढे उभी राहून नेमकं हेच मागितलं होतं. फक्त ती मग वाळवंटातही येईना. रस्त्यावर वेगाच्या डाव्या लेनमध्ये गाडी घालीना. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. मी शाळेत पोचले की फोन, “आई, रीच्ड?” मी भाजी आणायला गेले तर फोन. एकदा वरच्या मजल्यावर कोणीतरी गादी जमिनीवर टाकली, धप्प असा दबका आवाज झाला, आणि ही पोळी लाटता लाटता हातात लाटणं धरून ताठ उभी राहिली. बर्फाचा थर आतून खचतो तेव्हा असाच आवाज येतो म्हणे. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी. माझी भीती ओसरली नव्हती, ती माझ्याकडून उठून माझ्या मुलीकडे राहायला गेली होती. मुलगी घरात सुखरूप आहे आणि तरी हातची गेली आहे, असं मला त्या दोन वर्षांत पुष्कळदा वाटलं, आणि ते कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

यंदा थंडी आली. एसी बंद झाला, दार करकरलं. फरहान, पायात सळी घालून घेतलेला, हिला म्हणाला की मी जातोय, येतेस का. ती नाही म्हणाली. पण त्या आठवड्यात एका सकाळी मी चहा टाकायला गेले तर ती आधीच ओट्याशी उभी, हातात फोन, आणि फोनवर तोच बर्फाचा अंदाज. माझ्यासारखीच.

“आई, डू यू थिंक आय शुड गो?”

या प्रश्नाची मी किती वाट बघितली होती! याआधी कधी विचारलंच नव्हतं, नुसती तिकिटं काढून सांगायची. नाही, अजिबात नाही, माझ्या गळ्याची शपथ, असं सगळं उत्तर तयार होतं. मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं, खांदे आवळलेले, पोर सव्वीस-सत्तावीसची आणि उभी राहिली होती माझ्यासारखी.

“जा,” मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. माधव म्हणाला, “इन्शाल्ला, होईल सगळं नीट.” हा माणूस इथे राहून दोनच गोष्टी शिकला, इन्शाल्ला आणि खलास. शमीमभाभींनी मात्र मला फोनवर फैलावर घेतलं. “वहिनी, तुम्ही जा म्हणालात? तुमची जीभ कशी वळली?”

“आणि तुम्ही फरहानला नाही म्हणाला नाहीत?”

“म्हटलं ना. ऐकतो काय? बापासारखा आहे.”

म्हणून आज मी हे लिहीत बसले आहे, कारण हाताला काम हवं. आज सकाळी अंदाजात दोन होते, पण धारेच्या आडोशाला जपा असं पुन्हा लिहिलंय. टिक एकच. मुक्ता डोंगरावर आहे. तिनं घाबरून घरात बसावं हे मला बघवलं नाही आणि ती तिथे जावी हे मला सोसवत नाही. आईला बसायला बरी अशी जागा कोणी ठेवलेलीच नाही. वरचे दोन परिच्छेद लिहिताना मी किती वेळा फोन उचलून बघितला ते विचारू नका.

आत्ता आला मेसेज. ‘टर्न्ड बॅक. धारेपर्यंत गेलोच नाही. स्नो डिडन्ट फील राइट. घाबरले, आई. फरहान चिडलाय.’

मी तिला आयुष्यभर घाबरू नकोस म्हणून सांगत आले. पायऱ्यांवर, परीक्षेला, इंजेक्शनला. आज मी लिहिलं, ‘शाबास.’ आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

जरा सावरल्यावर अजमानला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.

“खाली आले?”

“आले. मधूनच परत फिरले.”

“अल्हम्दुलिल्ला.” त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग हळू आवाजात, “आणि उद्या?”

“उद्या परत जाणार आहेत,” मी म्हटलं.

फोन दोघींपैकी कोणीच ठेवला नाही.